साडूंनी सर्व्हर बंद केला तेव्हा

आमच्या साडूंनी हयातीत एकच वस्तू स्वतःच्या हाताने बंद केली, आणि तेव्हा मी शेजारी उभा होतो. एरवी एकदा चालू झालेली कोणतीही गोष्ट बंद करण्याच्या ते विरुद्ध. आपल्याकडे वीज जशी वागते ते बघता, बंद केलेलं पुन्हा चालू होईल याची हमी कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. वडवणीत ते चहा पितात तेव्हा मोटारसायकल हॉटेलासमोर धडधडत उभी असते. माझ्या लग्नात ती मांडवामागे मंगलाष्टका संपेपर्यंत चालू होती. लग्नाच्या कॅसेटमध्ये भटजींपेक्षा तिचाच आवाज मोठा आहे. कापूस लावावा की सोयाबीन, हा वाद त्यांनी त्याच दिवशी जेवणाच्या पंगतीत माझ्याशी सुरू केला. माझ्याकडे गुंठाभर जमीन नाही, तरी तो वाद अजून चालू आहे.

अशा माणसाच्या ताब्यात एका दूध संस्थेचा सर्व्हर आहे. गावोगावच्या केंद्रांवर दूध घातलं की लिटर आणि फॅट थेट त्या यंत्रात नोंदलं जातं. टेबलाखाली काळा खोका, त्याच्या दिमतीला दोन इन्व्हर्टर. दसऱ्याला झेंडूचा हार, तोही यंत्राची हवा कोंडू नये म्हणून एका बाजूला सरकवलेला. याच्या आधीचं यंत्र कुणीतरी धूळ झटकायला म्हणून बंद केलं होतं. ते पुन्हा उठलंच नाही, आणि साडू महिनाभर केंद्राकेंद्रावर फिरून जुन्या नोंदी भरत होते. तेव्हापासून त्या खोलीत झाडूसुद्धा त्यांना विचारून जातो.

गेल्या उन्हाळ्यात संस्थेला नवी केंद्रं जोडली आणि घोटाळा सुरू झाला. एका वेळी किती केंद्रांनी सर्व्हरमध्ये शिरायचं याचा आकडा सेटिंगमध्ये ठरलेला असतो. तो भरला की उरलेली बाहेर. बाहेर राहायचं नेकनूरकडचं केंद्र, कारण तिथली रेंज मुळातच लंगडी. नोंद झाल्याशिवाय गाडी दूध उचलत नाही. ते केंद्र चालवणाऱ्या बाईंचा रोज सकाळी फोन.

"भाऊ, गाडी निघून चालली. दूध नासलं तर बाया माझ्या दारात आणून वततेल."

"आज करतो अक्का, आकडा वाढवतो."

मी सुट्टीत तिथेच मुक्कामाला होतो. साडूंनी फाइल उघडून वीसचे चाळीस केले. फरक नाही. साठ केले. मग चिडून दोनशे. फाइल पुन्हा उघडावी तर आकडा शहाण्यासारखा जागेवर बसलेला, सर्व्हर मात्र वीसवर ठाम. चष्मा पुसून स्पेलिंग तपासलं, मग मला वाचायला लावलं. माझं संगणकाचं ज्ञान म्हणजे शाळेतल्या संगणकावर रोज कापड घालणं. तरी मी बोललोच, "बंद करून चालू करा की."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाची ऑक्सिजनची नळी काढायला सांगितली होती.

"मास्तर, मला म्हाइत न्हाई व्हय? ही सेटिंग ते फकस्त उठतानाच वाचतंय."

"मग उठवा."

"उठवायला आधी निजवावं लागतंय. अन् न्हाई उठलं तर? तुमी फिरणार का केंद्राकेंद्रावर?"

म्हणजे औषध ठाऊक होतं. आठवडाभर चाललं होतं ते औषध टाळणं.

मग एका सकाळी बाईंचा फोन आला, पण भांडायला नाही. "भाऊ, चार बाया दुसऱ्या डेअरीला गेल्या. ऱ्हाऊ द्या आता." एवढंच. दुपारी, संध्याकाळचं दूध यायच्या आत, साडूंनी सगळ्या नोंदी एका पेनड्राइव्हवर घेतल्या, तो माझ्या खिशात घातला, "हलू नका" म्हणाले, आणि सर्व्हर बंद केला.

पंख्याची घरघर थांबली. त्या खोलीत भिंतीवर घड्याळ आहे हे मला तेव्हा कळलं. साडूंनी डोळे मिटून बटण दाबलं. पडदा उजळला, नोंदी जागच्या जागी. त्यांनी कपाळ पुसलं आणि आकडा बघितला. वीस.

मी खिसा घट्ट धरला. साडू खुर्चीत बसले आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी यंत्रालाच विचारलं, की बाबा, तू वाचतोस तरी कोणती फाइल? उत्तर वाचून ते कानापर्यंत लाल झाले. मूळ फाइलला धक्का नको म्हणून त्यांनी तिची एक प्रत काढून ठेवली होती, आणि इतके दिवस सगळे आकडे त्या प्रतीत बदलत होते. मूळ फाइलला हातच लागला नव्हता.

"कुणाला सांगू नका. तुमच्या बायकोला तर आजिबात न्हाई."

"का?"

"ती तिच्या बहिणीला सांगंल. मला त्याच घरात ऱ्हायचंय."

बायकोला मी सांगितलं नाही. लिहायला बंदी नव्हती.

मूळ फाइलमध्ये आकडा घालून त्यांनी सर्व्हर दुसऱ्यांदा बंद करून चालू केला, या वेळी डोळे उघडे ठेवून. संध्याकाळी नेकनूरकडचं दूध पहिल्या झटक्यात नोंदलं गेलं. गेलेल्या बायाही पुढे एकेक करून परतल्या.

तेव्हापासून बाईंचा फोन येत नाही. सुरळीत चाललंय म्हटल्यावर कोण कशाला करील? परवा मी संस्थेत गेलो होतो तर सकाळची गडबड आटोपल्यावर साडूंनीच लावला.

"अक्का, गेलं का दूध?"

"गेलं की भाऊ. रोज कावून इचारता? आता कायबी अडचण न्हाई."

"न्हाई, सहज."

"बरं, ठिवते. बाया खोळंबल्यात."

"झकास चाललंय," साडू मला म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी मला पुढे व्हायला सांगितलं आणि ते आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिले, कुणाला काही अडलं तर असावं म्हणून.