पाय हवेत राहिला तेव्हा
कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर डफ शेकायला धरला, की तापल्या कातड्याचा वास सुटतो आणि मला शिरपूरजवळच्या आमच्या गावातली ती सकाळ आठवते. लॉकडाऊनमध्ये आमचं डफावर नाचणारं मंडळ घराघरांत अडकलं होतं. नाच विसरू नये म्हणून आमचे म्होरके आबा रोज व्हिडिओ कॉलवर डफ वाजवायचे. पण रेंज अशी, की थाप आधी दिसायची आणि ऐकू यायची मागाहून, त्यामुळे पाय उचलून आवाजाची वाट बघायची सवयच सगळ्यांना लागली. निर्बंध उठल्यावर आम्ही पहिल्यांदा पारावर जमलो, तेव्हा गावातली वरात आठवड्यावर आली होती. आबांनी डफ शेकला, थाप मारली, आणि आम्ही सगळे एक पाय वर धरून बगळ्यासारखे उभे. पुन्हा थाप, पुन्हा तेच. आबांचा चेहरा पडला. "मोडनं वाटस मंडळ," म्हणत ते डफ खाली ठेवणार, तेवढ्यात समोरच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेली त्यांची थोरली बहीण समोर उभ्या आबांकडे बोट दाखवत आम्हाला म्हणाली, "अरे, आबा आते आठेच शे, फोनमा नही." आम्ही पोट धरून हसलो, आबाही हसले, आणि त्या हसण्यातच डफ वाजू लागला नि पाय बरोबर पडू लागले. वरातीत मात्र एकाने गमतीने तसाच पाय वर धरला, मग सगळ्यांनीच धरला, आणि बघणारे खूश झाले. आता ते आमच्या नाचात कायमचं आहे. नवे गडी ती वाडवडिलांची रीत समजून मन लावून शिकतात, आणि मीही त्यांना ती तशीच शिकवतो.