पिशवी रिकामी धाडायची नाही

आमच्या गावात सुका कचरा गोळा करायला सुरुवात झाली ती एका गाईच्या पोटापायी. पर्यावरण वगैरे मला तेव्हा कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. शहरातलं, मल्लेश्वरमचं घर सोडून आम्ही दोघं होसकोटेच्या पलीकडच्या या खेड्यात राहायला आलो, आणि वर्ष व्हायच्या आत शेजारच्या अक्काची एकुलती एक गाय उकिरड्यावरचं प्लास्टिक खाऊन टम्म फुगली. डॉक्टरांनी पोट फाडून घमेलंभर पिशव्या बाहेर काढल्या आणि बजावलं, गाय गाभण आहे, पुन्हा असं झालं तर आशा सोडा. अक्का जमिनीवर बसून रडली. तिचं घर त्या एका गाईच्या दुधावर चालतं.

मी मुळातच तापट. "उकिरडाच बंद करते, बघतेच कसा होत नाही ते!" म्हणून पदर खोचला. पंचायतीकडून एक पडकी शेड मागून घेतली, जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, घरोघर एकेक दिली. प्लास्टिक धुऊन, वाळवून पिशवीत टाकायचं, रविवारी सकाळी पिशवी फाटकाला अडकवायची. महिला संघातल्या बायका, अक्का आणि मी त्या गोळा करून शेडमध्ये निवडणार, भंगारवाल्याचा टेंपो माल नेणार, आणि पिशव्या ज्याच्या त्याला परत. सगळं फुकट, हौसेचं काम. आमच्या ह्यांची उभी हयात इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कारखान्यात गेलेली. त्यांनी कन्नडमध्ये बोर्ड रंगवला : धुवा, वाळवा, द्या.

पहिला रविवार झकास पार पडला. घोडं अडलं ते पिशव्या परत करताना. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण रिकामा नाही. माझा हातच पुढे होईना.

"अगं, कचऱ्याची पिशवी आहे ती!" हे म्हणाले.

"असू दे. लोकांच्या दारात जाऊन रिकामी पिशवी हातात ठेवू? तुम्हाला नसेल लाज, मला आहे."

प्रत्येक पिशवीत कागदात बांधून चकल्या घातल्या, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी पिशव्या जड लागल्या. उघडून बघतो तर वर शेवग्याच्या शेंगा, पेरू, नाचणीचं पीठ, आणि तळाशी दोन-चार दुधाच्या पिशव्या. अक्काच्या पिशवीत चक्क होळिगे, आपल्या पुरणपोळ्या! मी विचारलं तर उलट माझ्यावरच डाफरली, "तुम्ही चकल्या धाडायच्या आणि आम्ही नुसता कचरा? आम्ही काय रानटी आहोत का, अक्का?" ती मला अक्का म्हणते, मी तिला अक्का म्हणते, आणि माघार दोघींपैकी कुणी घेत नाही.

आता होळिगेच्या पिशवीत परत काय चकल्या घालायच्या? मी बेसनाचे लाडू केले. लाडवांवर गावाने कज्जाय, म्हणजे आपले अनारसे, तळून धाडले. शेडमध्ये प्लास्टिकचा ढीग बारका आणि फराळाचा मोठा व्हायला लागला. इथे कुणाचं लग्न आहे का, म्हणून टेंपोवाल्याने चौकशी केली. एका घरी आठवडाभर प्लास्टिक निघालंच नाही. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून त्यांनी दुकानातून चिप्सची पाकिटं आणली, पोरांना बळेबळे खायला घातली आणि पाकिटं धुऊन, वाळवून धाडली.

"आपल्यामुळे गावात प्लास्टिक वाढतंय," हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा आणि लाडू वळा!"

वळले बिचाऱ्यांनी.

ही सगळी योजना नीट कळली होती ती फक्त गाईला. आता तिला उकिरड्यापर्यंत जायची गरजच नव्हती. फाटकाफाटकावर, बरोबर नाकाच्या उंचीवर, गुळातुपाच्या वासाची पिशवी टांगलेली. एका रविवारी ती दावं सोडवून घराघरांतून हिंडली. अक्का ओरडत मागे धावली, मी चपला टाकून धावले, आणि गाय सापडली ती माझ्याच फाटकाशी. संघातल्या बायकांसाठी मी लाडू ठेवले होते. लाडू, पावाचं पाकीट आणि माझ्या हिरव्या साडीच्या पिशवीचा काठ, सगळं एकदमच आत चाललं होतं. काठ तेवढा हातात आला.

डॉक्टर आले. म्हणाले, थांबून बघू, रवंथ करायला लागली तर वाचली. गाव गोठ्यात जमलं. अक्का गाईच्या गळ्यात हात टाकून बसली. हे आपलाच बोर्ड पुन्हा पुन्हा वाचत होते, चूक कुठे झाली म्हणून. आणि कर्म आमचं, बसलेल्यांच्या पोटात काही नाही म्हणून घरोघरून डबे यायला लागले! भात, सारू, इडल्या. डबे धुतले तरी रिकामे परत न्यायला कुणी धजेना. शेवटी डॉक्टर कडाडले, "खायची एकूण एक वस्तू हलवा इथून!"

उन्हं कलताना गाईचा जबडा हलला. एकदा, मग सावकाश पुन्हा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा अक्का उठली. "आजपासून फाटकाला पिशवी नाही. हातात आणून द्यायची, हातात परत न्यायची. आणि रिकामी म्हणजे रिकामी. लाज वाटली तर तोंड फिरवा." त्या दिवसापासून आमच्या शेडमध्ये देणारी एकीकडे बघते आणि घेणारी दुसरीकडे. नवखा माणूस म्हणेल, ह्यांचं कडाक्याचं भांडण झालंय.

पुढे गाय व्यायली. अक्का खरवसाचा डबा घेऊन आली, त्यांच्याकडचा गिण्णू, वेलची घातलेला. मी डबा घासला, पुसला, आणि लाडवांच्या डब्याकडे हात गेलाच.

"अक्का, रिकामा," ती दारातून म्हणाली.

"अहो, गाय बाळंत झालीय. गुळाचा खडा तरी..."

"स्वल्पसुद्धा नको."

रिकामाच दिला. तोंड फिरवायचं विसरले, डोळे भरून आले होते. जन्मात कुणाला मी असं धाडलं नव्हतं. अक्का तो डबा घेऊन तडक गोठ्यात गेली आणि गाईच्या तोंडापुढे धरला. गाईने आतून सगळीकडे जीभ फिरवली, काही मिळालं नाही, आणि ती वासराला चाटायला लागली.