माझ्या फोटोतलं झाड

परदेशात काय पाहिलं हे मी आता कुणाला सांगत नाही. विचारलं तर म्हणते, छान होतं. फोटो मागितले तर म्हणते, फोन बिघडलाय. लोकांना वाटतं, बाईला म्हातारपणी शिष्टपणा चढला. वाटू दे. आधी सांगत होते, त्याचं काय झालं ते मी रोज दार उघडलं की पाहते.

माझी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात गेली. खडूने फळ्यावर युरोप काढायचा, पुसायचा, पुन्हा काढायचा. प्रत्यक्षात मी पाहिलेलं जग म्हणजे सासरची अमरावती, माहेरचं अकोला, आणि शाळेच्या सहलीतला चिखलदरा. निवृत्त झाले तेव्हा एकटीच होते, गुडघे धड होते. म्हटलं, जे एवढी वर्षं पोरांना न पाहता शिकवलं ते निदान एकदा पाहून तरी घ्यावं. मग जाऊ लागले. कधी सहलीच्या कंपनीबरोबर, कधी एखाद्या जुन्या मैत्रिणीबरोबर.

आणि परत आलं की कॉलनीतल्या लोकांचे प्रश्न. रस्ते कसे आहेत? धूळ नाही ना अजिबात? लोक रांगेत उभे राहतात म्हणे? उत्तर त्यांना आधीच माहीत असतं, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. तिकडे बागेत दिवसभर एकटा बसलेला म्हातारा पाहिला, त्याच्याशी बोलायला कुत्रंही नव्हतं, हे सांगायला गेलं की माना हलतात आणि पुढचा प्रश्न येतो, बागा स्वच्छ असतील ना? सहलीच्या बसमध्येही तेच. खिडकीतून काहीही दिसो, मागच्या सीटवरून चिवडा खात कुणीतरी म्हणणारच, "आपल्याकडे हे शक्यच नाही." या वाक्याची मला चीड आहे. अरे, शक्य नाही म्हणणारे तुम्हीच आणि इथे येऊन गल्लीत केर टाकणारेही तुम्हीच.

तरीही मी सांगत असे. शिक्षकाची खोड, दुसरं काय. दर सहलीनंतर कॉलनीच्या मंदिराच्या सभामंडपात पांढरी चादर टांगायची, कुणाचा तरी प्रोजेक्टर आणायचा आणि मी फोटो दाखवायचे, असा रिवाजच पडून गेला होता. शेवटी चहा-समोसे. समोसे आले की युरोप संपायचा.

स्पेनहून आले तेव्हा एका लहान गावातल्या चौकाचा फोटो दाखवला होता. तिकडचा उन्हाळा आपल्या अकोल्याच्या वळणाचा, दुपारी दुकानं बंद, कुत्री गटाराच्या काठाला. पण त्या चौकाच्या मधोमध एक जुनं, अवाढव्य झाड होतं, एरंडासारख्या पंजेदार पानांचं. बुंध्याभोवती दगडी बाक आणि बाकावर गावातल्या म्हाताऱ्या. एकीने मला सरकून जागा दिली. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिने मांडीवरच्या शेंगांमधल्या मूठभर माझ्यापुढे केल्या आणि आम्ही दोघी सोलत बसलो. इतक्या देशांत फिरले, पण मी कुठे पोचले असं वाटलं ते फक्त त्या बाकावर. सभामंडपात मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, बघा, त्या लोकांनी झाडासाठी फरशी गोल कापली आहे, फरशीसाठी झाड नाही. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष पहिल्या रांगेत होते, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, ती फरशी कोणती? ग्रॅनाइट का?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, माझ्या घराला लागून, एक निंब होता. कुणी लावला कुणास ठाऊक, कॉलनीच्या आधीपासूनचा होता. पाडव्याला सगळी कॉलनी गुढीसाठी त्याचाच डहाळा तोडून न्यायची. गव्हाच्या कोठीत घालायला पाला त्याचाच. दुपारी ऑटोवाले त्याच्याखाली सीट आडवी करून झोपायचे. आणि सकाळपासून उन्हं कलेपर्यंत तिथे एक भाजीवाली बसायची. परतवाड्याच्या रस्त्यावरच्या खेड्यातली माळीण, घरच्या मळ्यातलीच भाजी आणायची. वांगी, आंबट चुका, बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या शेंगा आणि सांबार, म्हणजे इथली कोथिंबीर. येताना काळीपिवळी जीपने, शेअरच्या सीटवर यायची, आणि गावाकडची काळीपिवळी पुन्हा मिळेपर्यंत तिला दुपार काढायची असायची. ती दुपार त्या निंबाखाली जायची. आम्ही चारदोन बाया मेथी निवडायला तिथेच जायचो, तिचीच मेथी तिच्याच पोत्यावर बसून. जाताना तिची पाटी डोक्यावर चढवायला कुणीतरी हात लावावा लागे. बहुतेक मीच लावायची.

मी सहलीला निघाले की ती विचारायची, "बाई, काहून जाता इतक्या दूर? इथं काय कमी हाये?" मी हसून भाजीची पिशवी पुढे करायची.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला समितीने गल्लीचं सौंदर्यीकरण काढलं. सौंदर्यीकरण म्हणजे मातीवर सिमेंटचे गट्टू बसवायचे, गट्टूंना लाल-पिवळा रंग द्यायचा आणि कमान उभारून तिच्यावर नावं टाकायची. बैठकीत मी उभी राहून बोलले. गट्टू घाला, कमान घाला, काय घालायचं ते घाला, निंबाला हात लावायचा नाही. अध्यक्ष हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही निश्चिंत जा. तुमच्या शब्दाबाहेर आहोत का आम्ही?" मी जपानला निघाले होते. ऑटो सुटताना पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्या हातात नारळ दिला, मान डोलावली आणि म्हणाले, "तिकडचे फोटो टाकत राहा ग्रुपवर."

टाकत राहिले. जपानमधल्या एका जुन्या बागेत मी सहलीच्या माणसांपासून मागे राहिले, इतकी की गाइड शोधत आला. तिथे म्हाताऱ्या झाडांच्या फांद्यांना लाकडाचे टेकू दिलेले होते. आडवी पसरलेली एकेक फांदी, आणि तिच्याखाली कुबडीसारखे खांब. जिथे लाकूड सालीला घासेल तिथे काथ्याची गादी बांधलेली. एक माणूस शिडीवर चढून हाताने झाडाची पानं वेचत होता, सुईसारखी बारीक, एकेक. मी त्या टेकूंचे फोटो काढले आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, म्हाताऱ्या झाडांना असं सांभाळतात. भराभर अंगठे आले. कुणी लिहिलं, "किती स्वच्छता!" अध्यक्षांनी लिहिलं, "खाली एक पानही दिसत नाही. शिकण्यासारखे आहे." मी मूर्खासारखी खूश झाले. वाटलं, शिकतायत.

परतीत मुंबईहून गाडीने आधी अकोल्याला उतरले, दादाकडे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मे महिन्यातलं अकोलं, दारं-खिडक्या बंद, खोलीत कूलरची घरघर. ताटावर बसले होते आणि फोन वाजला. ग्रुपवर अध्यक्षांनी फोटो टाकला होता, खाली ओळ, "मॅडमच्या स्वागतासाठी सज्ज."

फोटोत एक भलामोठा फ्लेक्स होता. फ्लेक्सवर माझा स्पेनचा चौक. माझ्याच फोनने काढलेला, पसरवून ताणलेला. त्याच्यावर खालून वर अशी समितीची सगळी डोकी, गॉगलसकट, आणि एका गोलात माझं. गोलाखाली लिहिलेलं, "प्रेरणास्थान." ते झाड कुठे आहे म्हणून मी शोधू लागले. बुंध्यावर अध्यक्ष होते, दोन्ही बाजूंनी कार्यकारिणी, आणि फांद्या जिथे पसरल्या होत्या तिथे लाल अक्षरांत "भव्य लोकार्पण". चौक राहिला होता, फरशी राहिली होती, फक्त झाड दिसत नव्हतं.

मग लक्षात आलं, फ्लेक्स जिथे उभा केलाय ती आमच्याच गल्लीची जागा आहे. फ्लेक्सच्या मागे निंब दिसायला हवा. मागे पांढरंफटक आभाळ होतं.

माझा घास तसाच राहिला. मी काय काय बोलले ते आठवत नाही, मोठ्याने बोलले एवढं खरं. दादा म्हणाला, "काय व बाई, झाडच होतं ना. माणूस मेल्यावानी काहून तणतणून राहिली? सावली पायजे तं शेड टाकतीन थे." माझा सख्खा भाऊ. कूलरपुढे बसून.

दुसऱ्या दिवशी बसने अमरावतीला निघाले. मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीच्या गजाला धरून एकच वाक्य मनात घोटत होते, अध्यक्षांना काय बोलायचं ते. ड्रायव्हरने ओला दुपट्टा डोक्याला बांधला होता. खिडकीतून येणारा वारा तोंडावर भट्टीसारखा लागत होता. रस्ता रुंद झालाय, चांगला झालाय, आणि त्याच्या कडेला थांबायचं म्हटलं तर हातभर सावली नाही. मागच्या सीटवर कुणीतरी म्हणालं, "एकदम फॉरेनसारखा केला रस्ता." मी मागे वळून असं पाहिलं की त्या गृहस्थाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

गल्लीच्या तोंडाशी नव्या कमानीखाली अध्यक्ष पुष्पगुच्छ घेऊन उभे होते. निंबाच्या जागी गट्टू. गट्टूंच्या मधोमध सिमेंटचा बाक, हिरवा रंग दिलेला.

"सरप्राइज, मॅडम! तुमच्या फोटोतला चौक. बाकसुद्धा केलाय बघा."

"झाड कुठे आहे?"

"मॅडम, मुळांनी गट्टू उचलले असते हो. आणि पाल्याचा कचरा किती! तुम्हीच तर दाखवलं, तिकडे खाली एक पान नसतं."

"ते मी नाही म्हटलं. ते तुम्ही म्हटलं."

"तुम्ही थकून आलात. आराम करा."

बसमध्ये घोटलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. तो पुष्पगुच्छ त्यांच्याच तोंडावर मारावा असं वाटलं. मारला नाही, याची हळहळ अजून आहे. मी घरात गेले, बॅगा तशाच टाकल्या, स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि स्टूल लावून फ्लेक्समधून माझं तोंड कापून काढलं. प्रेरणास्थान या शब्दावर गोल भोक राहिलं. शेजारणी गच्चीवरून बघत होत्या, एकही खाली आली नाही. निंबाखाली माझ्याबरोबर मेथी निवडणाऱ्याच त्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी त्या बाकावर जाऊन बसले. त्या वेळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बाक तव्यासारखा तापला होता, साडीतून चटका बसत होता. मी उठणार नव्हते. समितीतल्या कुणीतरी खिडकीतून पाहावं, यावं, आणि माझ्याशेजारी नुसतं बसून दाखवावं, एवढंच मला हवं होतं. पडदे हलले. आलं कुणी नाही.

आली ती भाजीवाली. तिचं पोतं आणि दोन विटा तिने माझ्या कंपाउंडच्या भिंतीशी ठेवल्या होत्या, त्या न्यायला आली होती. भाजीची पाटी कमानीच्या खांबाच्या बोटभर सावलीत टेकवली होती, सांबार मान टाकून पडला होता.

"हे काय करून राहिल्या बाई? ऊन लागन ना."

"झाड तोडलं यांनी."

"मले नाई मालूम काय? मीच बसेल होती खाली, तवा मशीन घेऊन आले."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"बोलली ना. त्यायनं म्हटलं, मॅडमले पसंत हाये. तिकडं असंच असते म्हने. मंग मी काय बोलू?"

"मी असं म्हटलं नव्हतं ग. कधीच नाही."

"नसन म्हटलं," ती म्हणाली. रागाने नाही, वांग्याचा भाव सांगावा तशी. "पन नाव तं तुमचंच घेतलं."

मी म्हटलं, उद्यापासून माझ्या पडवीत बस, सावली आहे, पाणी आहे. ती हसली. "गेटाच्या आत कोन येते भाजी घ्याले? आता थ्या मोठ्या पुलाखाली जागा भेटते का पायतो." विटा तिने तिथेच सोडल्या, पोतं काखेत मारलं, डोक्यावर चुंबळ ठेवली.

"उठा आता. तुमाले घर हाये, घरात जा. आन् जाता जाता पाटीले हात लावून द्या."

मी उठले. पाटीला हात लावला. ती खांबाची सावली सोडून उन्हात निघाली आणि मागे न बघता पुलाच्या दिशेने गेली. मी गेट लावून घरात आले. निघताना कूलर बंद करायचा राहिला होता. खोली छान गार झाली होती.