लेडी ड्रिव्हन, सेकंड ओनर

गाडी विकून साडेतीन महिने झाले होते. मी लॅबमध्ये दुपारचे रिपोर्ट तपासत बसले होते आणि मोबाईलवर मेसेज आला. माझ्या वाहनाने म्हणे कळवा नाक्यावर सिग्नल तोडला होता. दंड भरावा, फोटो पाहायचा असल्यास लिंक उघडावी. हल्ली फसवणुकीचे असे मेसेज ढिगाने येतात, म्हणून मी तो पुसायलाच निघाले होते. पण मजकुरात गाडीचा नंबर होता आणि तो नंबर मला तोंडपाठ होता.

घरी येऊन सरकारी साइटवर जाऊन पाहिलं. फोटोत आमचीच गाडी होती, काळी, लांबलचक, जर्मन. चालवणारा माणूस अनोळखी होता आणि त्याने पट्टा लावलेला नव्हता.

आमची म्हणायची पद्धत. कागदोपत्री ती माझी. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने मला दिलेली भेट. सहा वर्षं कुणीतरी वापरलेली गाडी त्याने एका साध्या नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळवली आणि आठवडाभर तो हवेत होता. "अगं, पंचेचाळीस लाखांची गाडी साडेआठात! विकणारा वेडा आहे." विकणारा वेडा नव्हता हे पहिल्या सर्व्हिसिंगलाच कळलं. गाडी स्वस्तात मिळते, तिचे सुटे भाग नाही. माझ्याकडे लायसन्स होतं, पण किल्ली कधी हातात आली नाही. "ही गाडी वेगळी आहे गं, तुला झेपायची नाही." सासूबाईंचे गुडघे दुखायचे म्हणून पुढे त्या बसायच्या आणि मागे मी. माझ्या स्वतःच्या गाडीत पाच वर्षं मी मागे बसून हिंडले. सासूबाई गेल्यावरही मागेच बसत राहिले, सवयीने.

त्या पाच वर्षांत मी गाडीला घाबरायला शिकले होते. समोरच्या काचेखाली बिघाडाचा पिवळा दिवा लागला की मी मनातल्या मनात बिलाचा आकडा मांडायचे. शेवटी गिअरबॉक्स गेला. त्याच्या दुरुस्तीचा आकडा ऐकून नवरा पहिल्यांदाच विकायची भाषा बोलला. नौपाड्यातून, कल्याणहून, डोंबिवलीहून डीलर येऊन गेले. कुणी बॉनेट उघडून पाहायचीही तसदी घेतली नाही. एकाने तर तोंडावर सांगितलं, "सर, जुन्या लक्झरी गाडीला भाव नसतो. ज्याला ती हवी असते त्याला पोसायला जमत नाही, आणि ज्याला पोसायला जमतं तो नवी घेतो." शेवटी कल्याण-शीळ रस्त्यावरचा एक डीलर तयार झाला. दुसरी किल्ली सापडत नव्हती, म्हणून त्याने तीस हजार आणखी तोडले. 

माझी चूक त्याच संध्याकाळी झाली. डीलर सोफ्यावर बसून चहा पीत होता. त्याने दोन फॉर्म पुढे केले, नाव बदलायचे. घेणाऱ्याचं नाव, तारीख, सगळं कोरं. "इथे सही, मॅडम. गिऱ्हाईक ठरलं की भरू. तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तेवढा सांगा." मी लॅबमध्ये दिवसाला शंभरेक रिपोर्टवर सही करते. वाचल्याशिवाय एकाही कागदावर सही केली नाही म्हणून माझी तिथे टिंगल होते. त्या दिवशी मी कोऱ्या कागदांवर दोन मिनिटांत चार सह्या केल्या. समोर माणूस चहा पितोय आणि आपण त्याच्यावर अविश्वास दाखवायचा, हे मला जमलं नाही. शिवाय ती गाडी दारातून जावी असं मलाच फार वाटत होतं.

ओटीपी आलाच नाही. त्याच्या जागी चलनं येऊ लागली. कळवा नाका. कापूरबावडी. कल्याणचा पत्रीपूल, वेगमर्यादा ओलांडली. पुन्हा कळवा. गाडीची माहिती देणारं सरकारी ॲप मी उघडलं, तर मालकाच्या जागी माझंच नाव होतं आणि विम्याची मुदत संपून सहा आठवडे झाले होते. आमच्या खालच्या मजल्यावर एक वकील राहतात. मी सहज विचारल्यासारखं त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला आणि ते म्हणाले, "वहिनी, नोंदणीत ज्याचं नाव, तो मालक. त्या गाडीखाली कुणी सापडलं आणि विमा नसला, तर भरपाई तुमच्याकडून मागतील. तुमचं हे घर कुणाच्या नावावर आहे?"

घर दोघांच्या नावावर आहे. नौपाड्यातलं दोन खोल्या-स्वयंपाकघर, एकवीस वर्षं हप्ते भरून मिळवलेलं.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पैशांचं तर होतंच, पण ते सगळ्यात वाईट नव्हतं. आमच्या लॅबला जवळच्या दोन हॉस्पिटलांचे नमुने येतात. रक्ताच्या बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर कधी कधी 'रस्ता अपघात' लिहिलेलं असतं. वीस वर्षांत मी त्या दोन शब्दांकडे कधी थांबून पाहिलं नव्हतं. आता ते दिसले की मी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचायचे. कुठल्या रस्त्यावर? कुठल्या गाडीने? एकदा एका सात वर्षांच्या मुलाचा नमुना आला. मी हॉस्पिटलला फोन केला, हिमोग्लोबिनचं काहीतरी निमित्त काढून, आणि हळूच विचारलं, काय झालं होतं म्हणून. शाळेच्या रिक्षातून पडला होता. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. सुटकेने रडले, हे सांगायला लाज वाटते.

चलन आलं की छातीत धडधड, आणि आठ-दहा दिवस आलं नाही तर त्याहून जास्त. चलन म्हणजे निदान गाडी धावतेय, कुणी मेलेलं नाही. मी त्या मेसेजची वाट बघायला लागले होते.

डीलरला फोन केला. पहिल्या चार वेळा "होतंय मॅडम, आरटीओला लाइन आहे." पाचव्या वेळी मी आवाज चढवला, तेव्हा त्याने खरं सांगितलं, तेही मला समजावून सांगावं तसं. "मॅडम, नाव चढवलं की गाडी थर्ड ओनर होते. असल्या गाडीला तिसऱ्या मालकानंतर कोण हात लावत नाही, लाखभर सरळ तुटतात. म्हणून पार्टी नाव लावत नाही. पुढे विकायची असते ना. तुमचं नाव लकी आहे म्हणा की!" पार्टी कोण, ते त्याने सांगितलं नाही. त्याने पुढच्या डीलरला दिली होती, त्याने आणखी कुणाला.

त्या रात्री इंटरनेटवर शोधता शोधता मला डीलरने टाकलेली आमच्या गाडीची जुनी जाहिरात सापडली. आमच्याच बिल्डिंगखाली काढलेला फोटो. खाली लिहिलं होतं, 'लेडी ड्रिव्हन, सेकंड ओनर, मेडिकल फॅमिली.' लेडी ड्रिव्हन! स्टिअरिंगला हात लावू न दिलेली लेडी. मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "जाहिरातीत असं लिहितातच गं." मग माझ्या तोंडाकडे पाहून तो उठला आणि न सांगता चहा करून आणला. तोही घाबरला होता. फक्त ते म्हणायची त्याची तयारी नव्हती.

किल्ली सापडली ती याच दिवसांत. कुणाच्या तरी लग्नाला जायचं म्हणून नवऱ्याचा ब्लेझर ड्रायक्लीनला द्यायला काढला, तर आतल्या खिशात दुसरी किल्ली. तीस हजारांची. नवरा ती फेकून द्यायला निघाला होता. मी ती पर्समध्ये टाकली. का, ते मलाही ठाऊक नव्हतं.

आणि मग नो पार्किंगचं एक चलन आलं. बाळकुमचं. फोटोत गाडीच्या मागे मांडव-डेकोरेशनच्या दुकानाची पाटी स्वच्छ वाचता येत होती. रविवारी सकाळी मी रिक्षा केली. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो सोबत आला असता आणि तिथे फक्त गाडीच्या तब्येतीची चौकशी करून परतला असता.

गाडी दुकानासमोरच होती. मागच्या बंपरला लांब ओरखडा, आरशाला झेंडूच्या वाळक्या माळेचा तुकडा. दुकानातले गृहस्थ साठीचे, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची जाड साखळी. तिथलेच, जुने जमीनवाले. फोटोत पाहिलेला तोच चेहरा. "या मॅडम, हळद हाय का लग्न?" त्यांना वाटलं मी मांडव ठरवायला आले.

 मी पर्समधून किल्ली काढली आणि बटण दाबलं. बाहेर गाडीचे दिवे लुकलुकले आणि दारं उघडल्याचा खट्ट आवाज आला. "ही गाडी माझी आहे," मी म्हणाले. "आत्ता घेऊन जाऊ?"

त्या माणसाचा चेहरा उतरला. इतके महिने मी भीती एकटीने वागवत होते. आता ती समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसली आणि क्षणभर मला बरं वाटलं. पुढच्याच क्षणी वाईट वाटलं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. 

"मॅडम, पूर्ण पैसे दिलेत मी. रोख. कागद मागतो तं झेरॉक्स देतो तो डीलर. रोज वाटतं, कोण तरी येल आणि गाडी नेल." त्यांनी आवाज खाली आणला. "घरात नाय सांगितला कोणाला. पोरगा बोललेला, जुनी गाडी नको घेऊ. नातीच्या हळदीला दारात उभी करायची होती, म्हणून घेतली."

म्हणजे ते माझी वाट बघत होते आणि मी त्यांची. मी विम्याचं सांगितलं. वकील काय म्हणाले तेही.  ते ऐकून ते नाव चढवायचं म्हणाले आणि लगेच माघार घेतली. "पन तीन नंबरची झाली तं उद्या कोण घेल? आदीच भाव नाय."

तेव्हा मी हातातली किल्ली टेबलावर ठेवली. दुसरी किल्ली नाही म्हणून माझे तीस हजार तुटले होते, पुढे विकताना त्यांचेही तुटणार. "दोन किल्ल्या असल्या की भाव चढतो," मी म्हणाले. "नावाने पडेल त्यातला थोडा तरी भरून येईल. किल्ली तुमची. पण आज विमा काढायचा, उद्या नाव चढवायचं." आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाशी गाडीच्या भावाबद्दल बोलत होते, आणि आवाज अगदी त्या डीलरसारखा लागला होता. त्यांनी किल्ली उचलून हातात तोलली. "तुमी बरोबर येल ना उद्या?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी आरटीओजवळच्या एजंटच्या टपरीवर आम्ही दोघं बाकावर शेजारी बसलो. नवा विमा मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. फॉर्मचा रकानान् रकाना वाचला, मग सही केली. एजंटने दोनदा घड्याळाकडे पाहिलं, बघू दे. ओटीपी आला. मी तो इतक्या घाईने वाचून दाखवला की त्याने आकडे पुन्हा विचारले. नाव बदलायला आठ-पंधरा दिवस लागतील, असं तो म्हणाला.

"चला, सोडतो नौपाड्याला," ते गृहस्थ म्हणाले. मी नको म्हणत होते, पण त्यांनी पुढचं दार उघडून धरलं होतं. मी बसले. पुढून रस्ता इतका जवळ दिसतो हे मला माहीत नव्हतं. त्यांनी पट्टा लावला, माझ्याकडे बघून "आता लावतो" असं जरा ओशाळून म्हणाले, आणि निघाले ते थेट सुसाट. मी सीटची कड घट्ट धरली. "सावकाश, सावकाश," एवढंच म्हणत राहिले. एक बाई मुलाचा हात धरून रस्ता ओलांडत होती, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. 

तिसऱ्या दिवशी मेसेज आला. नाव झालं असणार म्हणून मी घाईने उघडला. चलन होतं. कापूरबावडी नाका, पुढे बसलेल्या व्यक्तीने सीटबेल्ट लावलेला नाही.

फोटो मोठा करून पाहिला. चालवणाऱ्याने पट्टा लावला होता. शेजारी एक बाई, चेहरा पांढराफटक, तोंड अर्धवट उघडं, दोन्ही हातांनी सीट धरलेली. पट्टा लावायचा असतो हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं; मागे बसून काढलेल्या पाच वर्षांत तिला कुणी लाव म्हटलं नव्हतं. आमच्या घरात त्या गाडीचे ढिगाने फोटो आहेत. नवरा गाडीला टेकून, सासूबाई पुढे बसलेल्या. मी त्या गाडीत बसलेली आहे असा एकच फोटो आहे, तो हा. मला त्या बाईची फार दया आली.

नवरा म्हणाला, चलन त्यांना पाठवून दे, गाडी त्यांची आहे. मी ॲप उघडून पाहिलं. नाव अजून माझंच होतं. दंड मी त्याच संध्याकाळी भरला. त्या दिवशीची मालकीण मीच होते, आणि गाडीत मी स्वतः बसले होते.