एल्फची पोर ड्वार्फला देत नाहीत

माझ्या भावाने आयुष्यात एकच पुस्तक मन लावून वाचलं, आणि तेही झेरॉक्स. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आमच्या आतेभावाने ते पाठवलं होतं. टेबलाभोवती बसून खेळायच्या एका खेळाचे नियम होते त्यात. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि एकाने गोष्ट सांगत बाकीच्यांना गुहांतून आणि राक्षसांतून फिरवायचं. हा गोष्ट सांगणारा अर्थातच आमचा दादा. बरकतपुऱ्यातल्या घरी दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक पुसून हे इंजिनियरिंगचे विद्वान बसायचे. खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो, तो इथे कुठे मिळणार? मग बेगम बाजारातून हाऊजीचा संच आणला, त्यातले एक ते वीस आकडे स्टीलच्या डब्यात घातले आणि डोळे मिटून काढायला लागले. तेव्हा देश खुला होत होता. दादाला विचाराल तर तो एकटाच खुला करत होता. केबल घेतली, कॉम्प्युटरचा क्लास लावला, वडिलांना "तुमचा जमाना गेला" असं जेवताना ऐकवूनही झालं.

खेळायला दादाचे दोन वर्गमित्र यायचे. एक तेलुगू, सदा काहीतरी चघळत असलेला. दुसरा मलकपेठहून यायचा, तो मराठीच. त्याचे वडील नांदेडकडून टपाल खात्यात नोकरीला आलेले. घरात बुद्धाची मूर्ती आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर. चौथा गडी कमी पडला म्हणून मला घेतलं, मी तेव्हा बी.एस्सी. करत होते. आईने मलकपेठच्या त्या मुलाला पहिल्याच दिवशी गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि "हो का," म्हणाली. कप वेगळा ठेवण्याइतके आम्ही मागासलेले नव्हतो, बरं का! फक्त "अजून थोडे पोहे घे रे" हे वाक्य तिने तेलुगू मित्राला दर रविवारी ऐकवलं आणि त्याला कधीच नाही.

एका रविवारी मलकपेठच्या मुलाला नवं पात्र हवं होतं, जुनं गुहेत मेलं होतं. तो म्हणाला, "माझा बाप ड्वार्फ आणि आई एल्फ." ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ड्वार्फ म्हणजे बुटके, दाढीवाले, जमिनीखाली खाणी खोदणारे. एल्फ म्हणजे गोरेपान, टोकदार कानांचे, शेकडो वर्षं जगणारे आणि स्वतःवरच खूश असलेले. दादाने मान हलवली.

"असं होत नाही."

"का होत नाही?"

"माणूस आणि एल्फ चालतं. माणूस आणि ऑर्क चालतं." ऑर्क म्हणजे सुळे असलेले रानटी लोक. "एल्फ आणि ड्वार्फ चालत नाही."

"माणसाचं दोघांशीही जमतं," मी मध्ये पडले, "मग ड्वार्फने एल्फचं काय घोडं मारलंय?"

"प्रजाती वेगळी असली की मूल होत नाही. जीवशास्त्र आहे ते."

प्राणिशास्त्र मी शिकत होते, हा नव्हे. "ड्रॅगन तोंडातून आग ओकतो तेव्हा कुठे जातं रे तुझं जीवशास्त्र?" मी विचारलं. तेलुगू मित्राला ठसका लागला.

"पुस्तकात नाही म्हणजे नाही," दादा म्हणाला आणि विषय संपला.

काय म्हणावं या अकलेला! सगळं जगच कुणीतरी बसल्या बसल्या रचलेलं. त्यात वाटेल ते करता आलं असतं. डोंगर उडवता आले असते, मेलेल्यांना जेवायला बोलावता आलं असतं. आणि त्या शहाण्यांनी हौसेने काय रचलं, तर कुणाची पोर कुणाला द्यायची नाही याचा तक्ता. शिवाय अर्ध्या एल्फला रूप द्यायचं, गोड गळा द्यायचा; अर्ध्या ऑर्कला ताकद द्यायची आणि अक्कल कापून घ्यायची. यासाठी अमेरिकेहून झेरॉक्स कशाला मागवायचं? आमच्या घरातल्या कुठल्याही काकूने हे स्वयंपाक करता करता सांगितलं असतं.

मलकपेठचा मात्र भांडला नाही. "हौ, नियम आहे तर आहे. साधा माणूस लिही," म्हणाला. मी तणतणत फाटकापर्यंत त्याच्या मागे गेले. "इतक्यात गप्प बसलास?"

"तुझ्या भावाशी एल्फवरून भांडायचं नाही मला," तो म्हणाला. "त्याच्याकडे आपलं मोठं काम आहे."

ते काम असं, की आम्हा दोघांना लग्न करायचं होतं. वडील घरात फक्त दादाचं ऐकत. दादाने एकदा ठणकावून सांगितलं असतं, तर थोडी आदळआपट होऊन का होईना, मला माहेर उरलं असतं. ते नव्हतं सोडायचं मला. वडिलांशिवाय, आईशिवाय राहायची कल्पनासुद्धा मला करवत नव्हती.

मी दादाशी कसं बोलावं या विचारात होते, तेवढ्यात आतेभाऊ सुट्टीवर आला आणि आत्याने वडिलांकडे मला मागितलं. आमच्यात हे चालतं. मामाची मुलगी म्हणजे हक्काची. या आतेभावाबरोबर मी एका ताटात जेवले होते. आम्हाला कांजिण्यासुद्धा एकदम आल्या होत्या, एका खोलीत शेजारी शेजारी खाजवत पडलो होतो. पण राखी मला त्याला कधी बांधू दिली नाही. चुलतभावांना बांधून झालं की तो बिचारा मनगट पुढे करायचा आणि आई डोळे वटारायची. पाच-सहा वर्षांची होते मी! तेव्हापासून या लोकांनी मला त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. कळलं तेव्हा अंगावर काटा आला.

मी दादाला गच्चीवर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. तो पाण्याच्या टाकीला टेकला.

"मुलगा सोन्यासारखा आहे," तो म्हणाला. "माझा जिगरी दोस्त आहे. मी असलं काही मानत नाही, तुला माहीत आहे. पण मुलांचं काय? ती ना इकडची, ना तिकडची."

"आणि आतेभावाची मुलं? जवळच्या रक्तात लग्न केलं की काय होतं, त्याचा अख्खा धडा आहे आम्हाला."

"ते आपल्यात चालतं," दादा म्हणाला.

जीवशास्त्र संपलं! मला आधी हसू आलं, मग किळस आली. ज्याच्यावर सगळी भिस्त ठेवली, तो मी रागवावं इतकाही मोठा निघाला नाही. वडिलांशी बोलणं आपल्याला जमायचं नाही, असं त्याने सांगितलं. रजिस्टर लग्न कराल तेव्हा सही करायला मात्र नक्की येतो, अशी आईची शपथ घेतली.

तो आला नाही. रजिस्ट्रारच्या कचेरीत आम्ही त्याच्यासाठी थांबलो, कारकुनाचा डबा खाऊन झाला, तरी नाही. साक्षीला माझे सासरे होते आणि तेलुगू मित्र होता, तिसरा कमी पडत होता. मग तेलुगू मित्राने बाहेरच्या पानवाल्याला धरून आणलं. त्याने आम्ही कोण, कुठले, काही विचारलं नाही. लाल झालेला हात शर्टाला पुसला, सही केली आणि "मुबारक हो," म्हणाला. दादा त्या दिवशी घरीच होता, केबलवर मॅच बघत. वडिलांनी माझं नाव घेणं बंद केलं.

मुलगी झाली तेव्हा दादा दवाखान्यात आला. चांदीची वाटी आणि चमचा आणला होता, आईने दिलेला. आई कुठे आहे विचारलं तर म्हणाला, खाली रिक्षात बसलीय. मला रडू फुटलं. तीन जिने खाली माझी आई बसली होती आणि वर येत नव्हती. दादाने मुलीला उचललं. उजेडाकडे खिडकीशी नेलं, दुपट्यातून तिचे हात काढून पाहिले, कान पाहिले, कपाळावरून बोट फिरवलं. आणि त्याचा चेहरा खुलला, अगदी मनापासून.

"अगं, पूर्ण आपल्यावर गेलीय!" तो म्हणाला. "नाक बघ, रंग बघ. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

सासूबाई कोपऱ्यात माझ्यासाठी डबा उघडत होत्या. त्यांचे हात तसेच थांबले. मी डोळे पुसले, उठून मुलगी त्याच्या हातातून घेतली आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवली.

"कळेल," मी म्हटलं. "मीच सांगत फिरणार आहे. सुरुवात तू कर, खाली रिक्षात बसलेल्या आईपासून."