आक्का आणि गिअरचे दात

माझी थोरली बहीण आक्का गेल्याचा फोन सांगलीत आमच्या शेजाऱ्यांकडे आला, तेव्हा मी शाळेत शिकवायला निघालो होतो. काविळीसाठी ती साताऱ्याच्या दवाखान्यात होती. उतार पडतोय असंच सगळे सांगत होते... तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तिच्या कारखान्याचे मॅनेजर हार घेऊन आले. लेसर तपासणी ही मॅडमची देणगी, कारखान्याला त्यांचा अभिमान आहे, असं बोलले. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, त्यांच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही.

आम्ही उंब्रजचे. आप्पा फौजेतून निवृत्त झालेले; पोरीनं इंजिनियर व्हावं हा त्यांचाच हट्ट. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आक्का सांगलीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. गिअर सावकाश फिरवायचा, दातावर लेसरचा बारीक तांबडा किरण सोडायचा आणि परतणारा उजेड मोजायचा, असा तिचा प्रकल्प. दात धड असेल तर उजेड एकसारखा परततो; खड्डा किंवा चीर असेल तर विखुरतो, आणि पडद्यावरची रेघ तिथं खचते. मला तिनं ते प्रयोगशाळेत दाखवलं होतं. रेघ खचली की ती खुशीनं माझ्या पाठीत धपाटा घालायची.

साताऱ्यात गिअरबॉक्सच्या कारखान्यात लागल्यावर तिनं तेच यंत्र तिथं उभं केलं. कौतुक झालं, पेढे वाटले. मग यंत्र माल नापास करू लागलं, तशी तोंडं वाकडी झाली. "मॅडम, आपल्या डोळ्यांना दिसत नाही तो दोष गिऱ्हाइकाला कुठून दिसणार?" मॅनेजरांनी तिला विचारलं. यंत्र चालू राहिलं, पण पाहुणे आले की दाखवायला. तिनं नापास केलेला माल रीतसर बाहेर जात राहिला.

त्यातलाच एक गिअरबॉक्स आटपाडीकडे गेला. विहिरीतले दगड उपसायच्या यारीवर तो बसवला होता. दात तुटले, भरलेली बादली सुटली आणि खाली उभ्या असलेल्या बापू नावाच्या गड्याचा पाय गेला. तुटका गिअर तक्रारीबरोबर परत आला, तेव्हा त्यावरच्या नंबरावरून आक्कानं ओळखलं, हा आपण नापास केलेलाच. कुणालाही न विचारता ती आटपाडीला गेली. मी सोबत होतो. बापूच्या खाटेपाशी बसून तिनं सगळं सांगितलं. हा माल पाठवू नका असं आपण म्हणालो होतो, पण वरच्यांनी ऐकलं नाही, हेही.

बापू म्हणाला, "आवं बाई, ज्यांनी ऐकलं न्हाई, त्यास्नी का न्हाई आणलं संगं?"

परतीच्या एस.टी.त तिनं सगळं वहीत उतरवून काढलं. कारखान्यात ते लेखी दिलं, आणि तिची बदली गोदामात झाली. यंत्र दुसऱ्याच्या हाती गेलं. नोकरी सोड म्हणून आप्पांनी विनवलं. "मी गेले की त्यांना बरंच होईल," एवढंच ती म्हणायची.

तेव्हापासून तिला एक सवय जडली होती. रस्त्याकडेला विहिरीवर यारी चालू दिसली की मला स्कूटर थांबवायला लावायची, बांधावरून चालत जायची आणि सांगायची, बादलीखाली कुणी उभं राहू नका. लोक हसायचे; मला संकोच वाटायचा...

गेल्या आठवड्यात औंधच्या वाटेवर अशीच एक यारी दिसली. स्कूटर लावून मी विहिरीपाशी गेलो आणि तिचंच वाक्य बोललो. यारी चालवणाऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमी इंजिनियर हाय का?"

"न्हाई. माझी बहीण व्हती."

त्यानं मान डोलावली आणि यारी सुरू केली. बादली वर निघाली. बादलीखालचे दोघे तिथंच उभे होते.