नऊ हजार गिऱ्हाइकं आणि चाँदबीची कात्री

केजच्या एसटी स्टँडामागे बायकांची एक शिवण सहकारी संस्था होती. पत्र्याचं शेड, चौदा मशिनी आणि कापड बेतणारी एकटी चाँदबी. तिचा नवरा पाशा तहसिलीसमोर टेलरिंग करायचा. त्याच्या शेजारी बसून काजं करता करता ती बेतायला शिकली आणि तो गेल्यावर त्याचीच कात्री चालवू लागली. वय छप्पन्न, तोंडात पान, हसणं रस्त्यापर्यंत ऐकू जाणारं. हिला फसवणं अवघड आणि गप्प बसवणं त्याहून अवघड.

संस्था एकच वस्तू शिवायची. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट. उसाचं पान हात चिरतं, म्हणून बायका साडीवरून शर्ट घालतात. पूर्वी नवऱ्याचा जुना घालायच्या. तो खांद्यावरून ओघळायचा, बाही हातावर लोंबायची. चाँदबीनं बाईच्या खांद्याला बसेल असा बेत काढला आणि शर्ट खपू लागले. एवढं सरळ होतं सगळं.

मग संस्थेनं बंकटला व्यवस्थापक नेमलं. अंबाजोगाईला शिकलेला, मनानं चांगला. पण कुठल्याशा शिबिरातून ऐकून आला होता, की गिऱ्हाइकाची जेवढी माहिती तेवढा धंदा मोठा. त्यानं त्रेचाळीस प्रश्नांचा फॉर्म काढला. जन्मतारीख, माहेरचं गाव, आवडता रंग, घरात टीव्ही आहे का. होळ गावची एक म्हातारी वैतागून म्हणाली, "लेकरा, मला शर्ट पाह्यजे, सोयरीक न्हाई जमवायची!" बंकटनं तिचंही माहेर लिहून घेतलं. अशी तीन वर्षं गेली.

२०१५ साल उजाडलं. पावसानं पुन्हा दगा दिला, गावंच्या गावं तोडीला निघाली. दसरा झाला की गाड्या सुटणार. त्याआधी शर्ट बायकांच्या हातात पडले तर ठीक, नाहीतर वर्षभर पडून राहणार, आणि तेवढं सोसायची ताकद संस्थेत उरली नव्हती. संस्थेला कुलूप लागलं की शिवणाऱ्या चौदाही जणी उसाच्या फडात. सत्यभामेनं तर टोळी नेणाऱ्या विठ्ठलराव मुकादमाला सांगूनच ठेवलं होतं, वेळ पडली तर आम्हा नवराबायकोची जागा धरा.

दसऱ्याला पंधरा दिवस होते. कापड आठशे शर्टांचं, त्यावर एक वार जास्त नाही.

बंकट संगणकासमोर बसून म्हणाला, "नऊ हजार चारशे गिऱ्हाइकं हायत, चाची. समद्यांना मेसेज सोडला, माप कळवा म्हणून."

"मग? कळवलं?"

उत्तरं आली होती. एक कानडीत, बहुतेक शिवी. एक सांगलीच्या दूधवाल्याचं, तुम्ही कोण म्हणून. माप एकही नाही.

"तरी काळजी न्हाई," बंकट म्हणाला. "मी सरासरी काढलीय. आठशेच्या आठशे एकाच मापात कापा."

चाँदबीनं कात्री मांडीखाली सरकवली. "न्हाई कापत."

"कावून?"

"नऊ हजार गिऱ्हाइकं हायत, तर मागल्या साली शर्ट सातशेच कावून गेले रे? बाकीच्या काय उघड्या हातानं तोडत्यात? वाच नावं."

बंकट वाचू लागला. मशिनी चालू होत्या. 'जानकीबाई आश्रुबा, होळ' हे नाव पाचव्यांदा आलं तशी सत्यभामेची मशीन थांबली.

"अगं बया, ही तर माझी जाऊ! एकलीच हाय ती. पाच असत्या तर मी कवाच घर सोडून गेले असते!"

सगळ्या खो खो हसल्या. आणि घोळ उघडा पडला. टोळी कारखान्यावर गेली की तिथलं स्वस्त सिमकार्ड घेते. गावी आली की ते बंद, दुसरं चालू; टाकलेला नंबर मिळतो एखाद्या दूधवाल्याला. बंकटचा संगणक माणूस ओळखायचा नंबरावरून. नंबर नवा की गिऱ्हाईक नवं! याच आकड्यांवर त्यानं सर्वसाधारण सभेत सांगितलं होतं, की दुष्काळातसुद्धा आपली गिऱ्हाइकं पाचपट झाली. अध्यक्ष सावित्रीबाईंनी शाल-नारळ देऊन त्याचा सत्कारही केला होता.

बंकटचा चेहरा पडला. चाँदबी मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"पूस समदं."

"चाची, पुसलं तर परत येत न्हाई!"

"अन् मी कापलेलं परत येतं का? टीव्ही इचारून मला बाही बेतता येती? मला तीनच गोष्टी पाह्यजेत. टोळी कुणाची, बाया किती, मापं कोणती."

"पण इचारायचं कुणाला? नंबर तर समदे बंद."

"मुकादमाचा बंद असतो का? त्यानं नंबर बदलला तर त्याला टोळी सापडंल?"

हे खरं होतं. मुकादमाचा नंबर वर्षानुवर्षं तोच, आणि शिवणाऱ्या प्रत्येकीला आपापल्या गावचा मुकादम ठाऊक. बंकटनं उत्साहानं पहिला फोन लावला. चाँदबीनं पुन्हा टोकलं, "त्याला नगं, त्याच्या बायकूला दे म्हणावं. गडी मान्साला बाहीचं माप ठावं असतं व्हय?"

नांदूरघाटची मुकादमीण फोनवर आली. "आमच्यात बारा बाया. चार बारक्या, सात मधल्या, आन मी."

"तुमचं माप?" बंकटनं विचारलं.

"दाराएवढी धर, बाबा!"

त्यानं तसंच लिहिलं आणि चाँदबीनं बरोबर बेतलं.

दोन दिवस फोन चालले. एकसष्ट टोळ्या, सातशे बेचाळीस बाया. बंकटनं त्रेचाळीसही रकाने पुसले आणि तीन नवे आखले. पहिले दहा पुसताना तो दर वेळी चाँदबीकडे बघत होता, मग त्याला मजा येऊ लागली. चाँदबीनं कात्री बाहेर काढली. पुढचे अकरा दिवस शेडमध्ये मशिनींचा नुसता कल्लोळ. शर्ट टोळीवार बांधले, गठ्ठ्यावर खडूनं मुकादमाचं नाव.

दसऱ्यानंतर गाड्या एकामागून एक शेडसमोर थांबू लागल्या. बायका खाली उतरून रस्त्यातच शर्ट अंगावर चढवून बघत होत्या, बाह्या ताणत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या. मुकादम घाई करत होते, त्यांचं कुणी ऐकत नव्हतं.

विठ्ठलरावांचा ट्रक आला. "चल गं सत्यभामा, जागा धरलीय तुमची."

सत्यभामेनं तेरा शर्टांचा गठ्ठा त्यांच्या हातात कोंबला. "त्या जागंवर हे ठिवा, दादा. आमी न्हाई येत औंदा."

"सत्यभामा!" आतून चाँदबी ओरडली. "गप्पा बास! दोन टोळ्या उभ्या हायत बाहेर, गठ्ठे काढ!"